कंपासाची गोलाई आणि बोरूची गोलाई

आमच्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत तरुण सभासदांनी एक सूचना मांडली. हे त्रैमासिक आता पुष्कळ वाचक कागदाऐवजी मोबाइलच्या पडद्यावर वाचतात. तेव्हा त्याचे जुनाट वाटणारे मुद्राक्षर सोडून ‘पॉपिन्स’ हे आधुनिक, गोल वळणाचे मुद्राक्षर स्वीकारावे, अशी ती सूचना होती. सभेत थोडी हमरीतुमरी झाली. ज्येष्ठांनी परंपरेचा दाखला दिला, तरुणांनी काळाचा. अखेर अध्यक्षांनी प्रश्न आमच्याकडे सोपवला. आम्ही छत्तीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत टिपण्या आणि अभिप्राय लिहिण्यात घालवली असल्याने ‘अभिप्राय सादर करावा’ या वाक्यापुढे आमची मान आपोआप तुकते. प्रस्तुत लेख हा तो अभिप्राय आहे. मात्र नस्तीवरच्या टिपणीत जे लिहिता येत नसे, तेही येथे लिहिण्याची मुभा आम्ही घेतली आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, मुद्राक्षराची समीक्षा हा प्रकार आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पुस्तकाच्या परीक्षणात शेवटी ‘छपाई सुबक, मुखपृष्ठ आकर्षक’ एवढे वाक्य टाकून परीक्षक मोकळा होतो. वास्तविक कवितेचा प्रत्येक शब्द आपल्यापर्यंत कोणत्यातरी अक्षराच्या अंगावरूनच येतो. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला आणि महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ साली प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे, आणि त्या तोलाची चर्चा साहित्यसंस्थांच्या व्यासपीठावर क्वचितच झाली. आमचा अधिकार तेवढा नाही. तथापि वाचकाला जो अधिकार असतो तो आम्हासही आहे, आणि त्याच अधिकाराने आम्ही बोलत आहोत.

‘पॉपिन्स’ हे नाव ऐकताच आम्हास पारले कंपनीच्या रंगीबेरंगी गोळ्या आठवल्या. नमुन्याचे पान हाती आले तेव्हा ती आठवण अगदीच गैरलागू वाटली नाही. अक्षरे त्या गोळ्यांसारखीच गोल, गुळगुळीत, एकसारख्या जाडीची होती. हे मुद्राक्षर अहमदाबादच्या ‘इंडियन टाइप फाउंड्री’ या संस्थेचे. २००९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ते २०१४ साली सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यातील देवनागरी अक्षरे निनाद काळे यांनी आणि रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली. अतिशय कृश वजनापासून अतिशय ठसठशीत वजनापर्यंत नऊ वजने, प्रत्येकाचे सरळ आणि तिरपे रूप, म्हणजे एकूण अठरा रूपे. शुद्ध भूमितीवर, विशेषतः वर्तुळावर, आधारलेली देवनागरी इतक्या वजनांच्या श्रेणीत प्रथमच सिद्ध झाली, असा निर्मात्यांचा दावा आहे. आज जगभर कितीतरी दुकानांच्या पाट्या, संकेतस्थळे आणि ॲप या अक्षरांत सजतात. त्यांतील बहुतेकांचे काम रोमनपुरते असते. आपण वापरतो त्या संचात एक संपूर्ण नागरी वर्णमाला शेजारी बसलेली आहे, याकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारण नाही.

या घराण्याचे मूळ युरोपात आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत असा एक विचार बळावला की, अक्षराने जुन्या लेखणीची नक्कल करत राहू नये. यंत्रयुगाचे अक्षर यंत्राच्या साधनांनी, कंपास आणि पट्टीने घडावे. बाउहाउसच्या हर्बर्ट बायर याने १९२५ च्या सुमारास वर्तुळ आणि सरळ रेषा यांतून एक ‘विश्ववर्णमाला’ रेखाटली. तीत मोठी अक्षरे ठेवलीच नव्हती. १९२७ साली पाउल रेनर याचे ‘फ्युच्युरा’ बाजारात आले आणि भौमितिक मुद्राक्षरांचे ते कुलपुरुष ठरले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रेनरची आरंभीची रेखाटने अधिक कडक भूमितीची होती आणि छपाईला येईपर्यंत ती पुष्कळ मवाळ करावी लागली. काटेकोर वर्तुळ डोळ्याला वर्तुळ वाटत नाही, आणि एकसारखी जाडी सांध्यापाशी आपोआप अधिक जाड दिसते. कंपासाने काढलेल्या अक्षरालाही शेवटी डोळ्यापुढे नमते घ्यावे लागते. पॉपिन्सच्या कर्त्यांनीही जेथे दोन रेषा मिळतात तेथे जाडी किंचित कमी करून पानाचा एकंदर रंग सारखा राखला आहे. या कामात हात बसलेला आहे, हे पहिल्या दृष्टिक्षेपातच जाणवते.

या प्रकाराला इंग्रजी परिभाषेत ‘सॅन्स सेरिफ’ म्हणतात. रोमन अक्षरांच्या टोकांना जे बारीक आडवे पाय असतात ते सेरिफ. ते काढून टाकले की सॅन्स सेरिफ. आता आपल्या नागरीला असे पाय कधी नव्हतेच. तिला शिरोरेखा आहे, दंड आहे, गाठ आहे, आणि तिरप्या कापलेल्या बोरूने आपसूक येणारा जाड-बारीकपणा आहे. म्हणून नागरीच्या बाबतीत ‘सॅन्स सेरिफ’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच उरतो की, बोरूची आठवण पुसून टाका. पाय काढण्याच्या नावाखाली आपल्या अक्षराचा श्वास काढला जातो, अशी तक्रार आमच्या ज्येष्ठ मित्रांनी सभेत केली. तीत तथ्य आहे. पण ती पुरती खरी नाही.

पुरती खरी नाही, कारण गोलाई ही मराठी अक्षराला परकी नाही. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार आणि देवास येथे मराठी आली ती केवळ बालबोध लिपीत आली नाही; दप्तरात ती मोडीत आली. मोडीचा लेखक आधी कागदभर शिरोरेखा ओढी आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे गुंफत जाई. टोकदार सांधे मोडून वळणे होत, दंड वाकून पुढच्या अक्षराला जाऊन मिळत. मोडीचे पान दुरून पाहावे, तर ते सगळे वळणांचेच असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी मराठी माणसाच्या हातात होती. आमच्या आजोबांच्या पिढीला ती घरच्या हिशेबापुरती तरी येत असे. योगायोग असा की, ज्या २०१४ साली पॉपिन्स प्रसिद्ध झाले त्याच वर्षी मोडीला युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. एका गोल लिपीला संगणकाच्या दप्तरात जागा मिळाली आणि दुसरीकडे नागरीला नव्याने गोल करण्यात आले, या दोन घटना एकाच वर्षी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

परंतु येथेच भेद करावयास हवा. मोडीची गोलाई ही वेगाची गोलाई आहे. हात पुढे धावत असतो, म्हणून कोपरा झिजतो; प्रत्येक वळण पुढच्या अक्षराकडे बोट दाखवते. कंपासाची गोलाई स्वतःभोवती फिरते. ती पूर्ण असते, आणि पूर्ण असल्यामुळेच तेथे थांबते. पॉपिन्समधील ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे पाहावीत. प्रत्येक अक्षर सुंदर, तृप्त, आपल्या जागी बसलेले आहे. ‘कबर’ किंवा ‘वर’ असा लहान शब्द त्यात देखणा दिसतो. तीन ओळींचे वाक्य मात्र जणू एकेका पाहुण्याला स्वतंत्र खुर्ची दिल्यासारखे दिसते. पंगत बसल्यासारखे वाटत नाही.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘बलू’ या मुद्राक्षराशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. बलू हेही गोल आहे. पण त्याची गोलाई प्रामुख्याने टोकांची आहे. जाड कुंचल्याने पाटी रंगवणाऱ्या माणसाचा हात त्यात ओळखू येतो. त्याच्या निरनिराळ्या लिपींतील आवृत्त्यांना त्या त्या भाषेतील जवळिकीची नावे दिली गेली: गुजरातीला भाई, बंगालीला दा, तमिळला तंबी, तेलुगूला तम्मुडू. बलू पुस्तकाच्या मजकुराला चालणार नाही, हे उघड आहे, आणि तसा आवही ते आणत नाही. पॉपिन्स मात्र वजनांच्या श्रेणीमुळे सर्वत्र चालेल असा मोह उत्पन्न करते. आमच्या तरुण मित्रांना पडलेला मोह हाच आहे.

आता गुणांकडे वळू. पडद्यावरील मांडणीत आजवर नागरीची जी अवहेलना झाली ती ज्यांनी सोसली आहे, त्यांस पॉपिन्सचा एक निर्णय विशेष मोलाचा वाटेल. नागरीला शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, रकार असे मजले लागतात. रोमन अक्षराच्या मापाने आखलेल्या चौकटीत ‘कीर्तीं’सारखा शब्द बसवला की वरचे अनुस्वार कापले जातात किंवा सगळे अक्षरच आकसून बारीक होते. बहुतेक संचांत रोमन आधी ठरते आणि नागरी मागाहून तिच्या शेजारी कोंबली जाते. पॉपिन्समध्ये नागरी अक्षराची उंची ही रोमनमधील ‘बी’ किंवा ‘डी’ या लहान अक्षरांच्या वर गेलेल्या दांड्याएवढी धरली आहे आणि रोमनची मोठी अक्षरे तिच्यापेक्षा आखूड ठेवली आहेत. म्हणजे एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी आले तर ठेंगणे दिसण्याची पाळी नागरीवर येत नाही. दोन लिपी शेजारी बसवताना कोणी कोणाकडे मान वर करून पाहायचे, हा प्रश्न भूमितीचा असला तरी तेवढाच नसतो. मध्य प्रदेशातील मराठी माणसाला तो अधिक कळतो.

दुसरा गुण स्पष्टतेचा. मोबाइलच्या पडद्यावर ‘पाठवा’, ‘रद्द करा’, ‘पुढे’ असे एकेक शब्द बटणावर असतात. ते वाचायचे नसतात, ओळखायचे असतात. तेथे एकसारख्या जाडीचे, मोकळ्या पोटाचे अक्षर फार चांगले काम देते. बारीक रेषा उजेडात हरवत नाहीत. जोडाक्षरांच्या बाबतीतही आम्ही एक चाळणी लावून पाहिली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ निमंत्रण देणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ देणे वेगळे. हिंदीला न लागणारा हा आडवा रकार ज्या संचात नाही, तो मराठीचा नव्हे. आमच्या नमुन्यात हा भेद नीट उतरला होता. इंग्रजी शब्दांसाठी आपण वापरतो तो ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र चढवण्यासाठी काय काय कसरती कराव्या लागत, ते टंकलेखन करणारे जाणतात.

मग आक्षेप कोणता? नमुन्याचे पान आम्ही घरी नेले. एक पान पॉपिन्समध्ये आणि तेच पान नेहमीच्या, जाड-बारीक रेषांच्या अक्षरांत, दोन्ही एकाच आकारात छापून घेतले होते. आमची नात सातवीत आहे. घरात मराठी बोलते, शाळेत हिंदी लिहिते, आणि आम्हास मोबाइलवर निरोप धाडते तो रोमन लिपीत. आमच्या त्रैमासिकाचा एकही अंक तिने आजवर उघडला नव्हता. पॉपिन्सचे पान मात्र तिने हातात घेतले, “हे छान आहे, आजोबा,” म्हणाली, आणि मोठ्याने वाचू लागली. चौथ्या ओळीत ‘पहिला धडा’ हे शब्द होते. तिने वाचले, ‘पहिला घडा’. आम्ही हसलो, तीही हसली. पुढे दोन परिच्छेद वाचून तिने पान खाली ठेवले आणि डोळे चोळले. दुसरे पान तिने घेतलेच नाही.

या छोट्या प्रसंगात वादाच्या दोन्ही बाजू आहेत. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांतील भेद शिरोरेखेच्या लहानशा खंडावर आणि डाव्या टोकाच्या मुरडीवर उभा आहे. बोरूच्या अक्षरात ही मुरड जाड-बारीकपणामुळे उठून दिसते. शेजारची रेषा बारीक, मुरड भरलेली. सगळ्या रेषा एका जाडीच्या झाल्या की मुरडीला आकारावाचून दुसरा आधार राहत नाही, आणि आकारही वर्तुळाच्या शिस्तीत आणला की अक्षरे भावंडांसारखी दिसू लागतात. रोमनची गोष्ट निराळी. तिला सव्वीस अक्षरे, सुटी सुटी, वर-खाली निघणाऱ्या दांड्यांनी ओळखू येणारी. नागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो आकृत्या, आणि त्या सगळ्या एकाच रेषेखाली टांगलेल्या. जेथे आकृत्या थोड्या तेथे साम्य शोभते. जेथे पुष्कळ, तेथे भेद जपावा लागतो. मुद्राक्षराची खरी परीक्षा पहिल्या ओळीत होत नाही, चौथ्या पानावर होते. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे ग्रंथ आजही थकवा न येता वाचता येतात, त्याचे कारण त्या खिळ्यांतील हा जाड-बारीक विवेकच होय. र. कृ. जोशी हे तर कवी आणि सुलेखनकार. संगणकावरील नागरीसाठी त्यांनी रेखाटलेले ‘मंगल’ विंडोज २००० पासून घरोघर पोहोचले. त्यातही रेषा साधी ठेवलेली आहे. पण लेखणी कोठून आली आणि कोठे गेली, हे त्यात दिसते.

याहून नाजूक प्रश्न ‘ल’ आणि ‘श’ यांचा आहे. तो केवळ सौंदर्याचा नाही.

आम्ही धारला हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकलो. वडिलांनी घरी पाटीवर पहिला ‘ल’ गिरवून घेतला तो मराठी वळणाचा, मध्ये देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. शाळेत उजवीकडे दंड असलेला ‘ल’ चाले. एकदा आमच्या वहीतील सगळे ‘ल’ गुरुजींनी लाल शाईने गोल करून दिले. घरी वही दाखवली, तेव्हा वडील रागावले नाहीत. ते म्हणाले, “शाळेत त्यांचा काढ, पत्रात आपला काढ.” नोकरीत आम्ही हजारो टिपण्या हिंदीत लिहिल्या, सगळ्या दंडाच्या ‘ल’ने. वडिलांना मात्र अखेरपर्यंत पाकळ्यांचा ‘ल’ लिहिला. आज ते नाहीत; त्यामुळे हातानेही तो ‘ल’ फारसा उमटत नाही.

यात हिंदीचा द्वेष मुळीच नाही. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आहे. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची मुंबई वळणाची रूपे पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीनेही आपलीशी केली. ‘रव’शी गोंधळ होऊ नये म्हणून खालून जोडलेला ‘ख’ आपण आनंदाने घेतला. देवासला १९७४ सालापासून बँक नोट प्रेस आहे. आपल्या नोटेवरील भाषांच्या पट्टीत मराठी, कोंकणी, नेपाळी आणि संस्कृत अशा चार ओळी एकाच नागरीत असतात आणि मुख्य हिंदी मजकूर वेगळा. लिपी एक असूनही भाषांनी आपापली ओळ राखावी, हे तत्त्व आपण रोज खिशात बाळगतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ ही मराठीची प्रमाण रूपे म्हणून नमूद केली. तो निर्णय आम्हा मध्य प्रदेशवासीयांना लागू नाही; पण ज्या अक्षराला महाराष्ट्रात शासनाचा आधार आहे, त्याला येथे फक्त आपल्या सवयीचा आधार आहे.

आमच्या हाती आलेल्या पॉपिन्सच्या नमुन्यात ‘ल’ दंडाचा होता. याचा दोष एकट्या मुद्राक्षरावर टाकणे अन्यायाचे होईल. संगणकात ‘ल’ला एकच क्रमांक आहे; त्याचे कोणते रूप दिसावे हे दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे संचात मराठी रूप रेखाटून ठेवलेले असणे, आणि दुसरी म्हणजे हा मजकूर मराठी आहे असे जुळारीने संगणकाला सांगितलेले असणे. सांगितले नाही, तर बहुतेक संच हिंदी रूपच पुढे करतात. म्हणजे मराठीपण हे आता नोंदवण्याची बाब झाली आहे. जनगणनेच्या वेळी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे, यावरून आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत जी टाळाटाळ चालते, तिची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. रकाना रिकामा सोडला की उत्तर दुसराच कोणीतरी भरतो.

सभेत एका तरुण मित्राने विचारले होते, “काका, ‘ल’चे वळण राखायचे की ‘ल’ वाचणारा राखायचा?” त्या वेळी आम्हास उत्तर सुचले नाही. नातीने ते पान हातात घेतले तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर आला. आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो की, तिला या त्रैमासिकापर्यंत जुन्या अक्षरांनी आणले नव्हते. नव्या अक्षरांनी आणले. हे श्रेय पॉपिन्सचे आहे. पण दोन परिच्छेदांनंतर तिने पान खाली ठेवले, हेही तितकेच खरे. दारापर्यंत बोलावणे आणि घरात बसवून घेणे ही दोन कामे आहेत, आणि ती एकाच अक्षराने करावीत असा आग्रह कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आम्हास गावातच सापडले. धारच्या भोजशाळा-कमाल मौला या वास्तूत परमारकालीन शिलालेख आहेत. त्यांत सर्पबंध आहेत: संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत गुंफलेले. तेथे अक्षर आकृतीच्या स्वाधीन झालेले आहे. ते पाहताक्षणी लक्ष वेधते, स्मरणात राहते, आणि ते तेवढ्यासाठीच आहे. त्याच वास्तूत १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे दोन अंक कोरलेली शिळा आढळली. राजगुरू मदन याची ती रचना, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या अर्जुनवर्म्याच्या काळातील. तिच्यात ८२ ओळी आहेत, आणि त्या सगळ्या सरळ आहेत. वेटोळे नाही, बंध नाही; एकामागून एक चालणारी, वाचणाऱ्याच्या वाटेत न येणारी अक्षरे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना कोणते अक्षर डोळ्यात भरण्यासाठी आणि कोणते वाचण्यासाठी, हे पुरते ठाऊक होते. नाटिका सर्पबंधात कोरावी, असे त्यांना वाटले नाही.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. मुखपृष्ठ, लेखांची शीर्षके, कार्यक्रमांच्या सूचना आणि मोबाइलवर धाडायची निमंत्रणे यांसाठी पॉपिन्स अवश्य स्वीकारावे. ते सुंदर आहे, नागरीला मानाने उभे करणारे आहे, आणि त्याचा कर्ता आपल्या लिपीकडे दुय्यम म्हणून पाहत नाही. मजकुरासाठी मात्र जाड-बारीकपणा राखणारे आणि मराठी रूपे मुळातच असलेले मुद्राक्षर घ्यावे. मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी घडलेल्या ‘टिरो देवनागरी’चा हिंदी आणि संस्कृतपासून वेगळा असा खास मराठी संच विनामूल्य उपलब्ध आहे, जुन्या मुद्रणाशी नाते राखूनही तो पडद्यावर स्वच्छ दिसतो. आणि तिसरे, ज्याला एक पैसाही खर्च नाही: अंक जुळवताना भाषेच्या जागी ‘मराठी’ अशी नोंद न चुकता करावी.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी आम्ही नातीला टिरोमधील पान दिले. ते तिला पॉपिन्सइतके आवडले नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे. पण ‘धडा’ तिने ‘धडा’च वाचला, आणि पानाच्या शेवटापर्यंत गेली. मग एका अक्षरावर बोट ठेवून तिने विचारले, “आजोबा, हा कुठला ‘ल’?” आम्ही कागद घेतला आणि दोन पाकळ्या काढून दाखवल्या. तिने त्याखाली चार वेळा गिरवून पाहिला. चौथा बरा आला होता.